बालकवि ठोमरे : एका कोमल मनाची कथा

श्रावण लागला म्हणजे मराठी शाळांतून एक कविता हटकून म्हटली जाते. ऊनपावसाचा लपंडाव, आकाशांत उमटलेलें इंद्रधनुष्य, रानांत चरणारीं गुरें, गात फिरणारे गुराखी आणि परडी घेऊन फुलें खुडण्यास निघालेल्या मुली यांचें जें चित्र तींत आहे, तें ज्यानें एकदां पाठ केलें त्याच्या मनांतून तें जन्मभर जात नाहीं. कुंडलिकेच्या कांठच्या आपल्या ह्या जालना भागांत पावसाचा भरंवसा नसतो. पुष्कळदां श्रावण कोरडाच जातो. तरीही वर्गांत ही कविता सुरू झाली कीं भोंवतीं हिरवळ पसरल्यासारखें वाटतें. तिचे कर्ते त्र्यंबक बापूजी ठोमरे यांस महाराष्ट्र बालकवि ह्या नांवानें ओळखतो. निसर्गाचा आणि आनंदाचा कवि अशी त्यांची ख्याति आहे, आणि ती यथार्थ आहे. परंतु ज्या मनांतून हीं आनंदाचीं गाणीं निघालीं, त्याच मनाला एक खोल उदासीनता वारंवार घेरीत असे, आणि तिच्याशीं झगडण्यांत त्यांच्या अल्प आयुष्याचा पुष्कळ भाग गेला, ही गोष्ट मुलांना सहसा कोणी सांगत नाहीं. ती विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं जाणून घेणें अगत्याचें आहे, म्हणून हें लहानसें चरित्र येथें देत आहों.

ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजीं खानदेशांतील धरणगांव येथें झाला. अजिंठ्याचे डोंगर ही मराठवाडा व खानदेश यांच्यामधील भिंत होय. त्या भिंतीपलीकडे, तापीच्या खोऱ्यांत, हें गांव वसलें आहे. वडील बापूराव हे पोलीसखात्यांत साध्या नोकरीवर होते. त्या खात्यांतील माणसाच्या पाठीमागें बदल्या लागलेल्याच. त्यामुळें ह्या कुटुंबाचें बिऱ्हाड खानदेशांतील अनेक गांवांतून हिंडलें. शाळा वरचेवर बदलल्या आणि त्र्यंबकाचें शिक्षण धड मार्गीं लागलें नाहीं. घरची स्थिति ओढगस्तीची होती. तथापि ह्या भटकंतीनें त्याला एक ठेव दिली. ओढे, शेतें, टेकड्या, पहांटेचा अरुणोदय आणि रात्रीचें तारांगण हीं त्याच्या इतकीं जवळचीं झालीं कीं पुढें जन्मभर तो त्यांच्याशीं सोबत्यासारखा बोलत राहिला. अगदीं लहान वयांतच तो कविता रचूं लागला.

१९०७ सालीं जळगांव येथें महाराष्ट्रांतील कवींचें पहिलें संमेलन भरलें. अध्यक्षस्थानीं डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे होते. हे गृहस्थ लष्करी वैद्यकखात्यांतील मोठे अधिकारी, वनस्पतिशास्त्राचे जाणते आणि काव्याचे रसिक. मोठमोठ्या कवींच्या त्या सभेंत एक सोळासतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि त्यानें आपली कविता म्हटली. सभा थक्क झाली. कीर्तिकरांनीं त्याला बालकवि ही पदवी दिली, आणि त्या दिवसापासून ती पदवीच त्याचें नांव होऊन बसली. खेड्यापाड्यांतून वाढलेल्या, नीट शाळाही न लाभलेल्या मुलाच्या नशिबीं असा दिवस क्वचित् येतो.

त्या काळच्या मोठ्या कवींपैकीं रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा ह्या मुलावर विशेष लोभ जडला. टिळकांचीं भजनें मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून आजही गाइलीं जातात, म्हणून त्यांचें नांव आपल्या वाचकांस नवें नाहीं. फुलांवर आणि मुलांवर कविता करणारे हे कवि स्वभावानें मोठे भावनावश होते. क्षणांत संतापावें, क्षणांत विरघळावें, आणि समोर आलेल्या गरजूला हातांत असेल तें देऊन टाकावें, अशी त्यांची रीत. त्यांचें घर अहमदनगर येथें होतें. ह्या घरीं पुढें ठोमरे राहावयास आले. हिंदु घराण्यांतील तरुणानें ख्रिस्ती उपदेशकाच्या घरीं राहणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. ठोमरे यांनीं आपला धर्म सोडला नाहीं, आणि तेवढ्यामुळें टिळकांची मायाही कमी झाली नाहीं. दोघांमध्यें नातें होतें तें गुरुशिष्याचें, पितापुत्राचें, आणि कवितेच्या वेडानें एकत्र आलेल्या दोन मित्रांचेंही.

परंतु ह्या घराचा खरा आधार टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या होत. त्या कोणत्याही शाळेंत शिकलेल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांना लग्नानंतर झाली. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हां नवराबायकोंची ताटातूट झाली, आणि लक्ष्मीबाईंनीं कांहीं वर्षें अत्यंत दुःखांत काढलीं. त्या काळांत मन कसें सैरभैर होतें, रात्र किती लांब असते, हें त्यांनीं स्वतः अनुभवलें होतें. पुढें १९०० सालीं त्यांनीं स्वेच्छेनें तोच धर्म स्वीकारला, आणि संसार पुन्हां उभा राहिला. दुःखांतून गेलेलें माणूस एक तर कठोर होतें किंवा फार कोमल होतें. लक्ष्मीबाई कोमल झाल्या, आणि तेंही विनोदबुद्धि न गमावतां. त्यांचा मुलगा देवदत्त हा वयानें ठोमरे यांच्या बरोबरीचा. ह्या दुसऱ्या मुलालाही त्यांनीं आपल्याच घरचा मानलें. त्याच्या खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची, रुसण्याफुगण्याची काळजी त्यांनीं आईच्या मायेनें वाहिली. ज्या मुलाचें बिऱ्हाड कधींच एका ठिकाणीं टिकलें नव्हतें, त्याला येथें एक दार असें मिळालें कीं जें त्याच्यासाठीं उघडें असे.

ठोमरे यांची कविता ह्याच वर्षांत बहरली. कुरणावर डोलणारी एक कळी, तिचें रविकिरणाशीं जमलेलें लग्न, आणि त्या लग्नासाठीं जमलेलें सारें सृष्टीचें वऱ्हाड अशी फुलराणीची कथा त्यांनीं लिहिली. निर्झराला त्यांनीं बालमित्राप्रमाणें हांक मारली, तारकांना गावयास लावलें, अरुणाचें स्वागत केलें, आणि जिकडेतिकडे आनंद भरला आहे असें सांगणारें एक गीत मुलांच्या ओठांवर कायमचें ठेवून दिलें. त्यांच्यापूर्वीं मराठींत निसर्गाचीं वर्णनें नव्हतीं असें नाहीं. परंतु ठोमरे यांच्या कवितेंत झाड, ढग, पाखरूं हीं वर्णनाचे विषय राहत नाहींत. तीं जिवंत होतात, लाजतात, हंसतात, रागावतात. मोठ्या माणसाला लहान मुलाचे डोळे परत मिळावेत तसें तीं वाचतांना होतें. आयुष्याचीं जेमतेम पंधरा वर्षें ते लिहीत होते, आणि तेवढ्यांत दीडशेच्या वर कविता त्यांनीं मागें ठेविल्या.

आतां ह्या चित्राची दुसरी बाजू पाहूं. ठोमरे यांच्या मनावर अधूनमधून असें मळभ येई कीं कशांतच रस वाटूं नये. त्यांनीं उदासीनता ह्याच नांवाची एक कविता लिहिली आहे. हृदयाला आंतून पोखरणारी ही खिन्नता आली कोठून, हें आपणांसच उमगत नाहीं, अशा अर्थाचे उद्गार तींत आहेत. ह्या एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांनीं नीट लक्ष द्यावें. दुःखाला कारण असलें म्हणजे तें दुसऱ्याला सांगतां येतें. पैसा गेला, माणूस गेलें, परीक्षा बिघडली, असें म्हणतां येतें आणि ऐकणाराला तें कळतें. परंतु ज्या खिन्नतेचें कारणच सांपडत नाहीं, ती सांगावी कशी आणि कोणाला? अशा वेळीं माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसण्यानें अधिकच एकटा पडतो. पारवा ह्या कवितेंत पडक्या धर्मशाळेच्या कौलारावर घुमत बसलेलें एकाकी पाखरूं आहे. खेड्यांतील रात्रीवर त्यांनीं लिहिलें तेव्हां त्या रात्रींत चांदणें नव्हतें, भय होतें. फुलराणी लिहिणारा हात आणि हा हात एकच आहे, हें प्रथम वाचणाराला खरें वाटत नाहीं.

त्यांची औदुंबर नांवाची कविता अवघ्या आठ ओळींची आहे. दोन्ही तीरांची हिरवळ, लहानसें गांव, शेतमळे, त्यांतून वाहणारा झरा, एक पायवाट, आणि ती पायवाट जेथें जाते तेथील काळा डोह. त्या डोहाच्या पाण्यांत पाय सोडून एक औदुंबराचें झाड बसलें आहे. एवढेंच. परंतु हिरव्यांतून निघालेली वाट काळ्या पाण्यापाशीं कशी पोंचते हें वाचतांना वाचक स्तब्ध होतो. ह्या आठ ओळींवर मराठींतील टीकाकारांनीं किती तरी पानें लिहिलीं आहेत. आम्हांस येथें इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, उजेड आणि काळोख हे दोन्ही ठोमरे यांनीं पाहिले होते, आणि दोहोंविषयीं ते खरें बोलले.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें जरूर आहे. दुःख झाल्यावांचून मोठी कविता होत नाहीं, किंबहुना खिन्नता हाच प्रतिभेचा झरा होय, असें पुष्कळांना वाटतें, आणि तरुण वयांत ही कल्पना फार गोड लागते. ती खरी नाहीं. पाय मोडलेला माणूस लंगडतां लंगडतां डोंगर चढला तर त्याचें श्रेय मोडलेल्या पायाला नसतें. मन खचलेल्या माणसाला लेखणी उचलण्याचेंही बळ राहत नाहीं. ठोमरे यांनीं जें लिहिलें तें उदासीनतेच्या कृपेनें लिहिलें नाहीं, तिच्या तावडींतून जेवढा वेळ सुटका झाली तेवढ्या वेळांत लिहिलें, असें मानणेंच अधिक योग्य होईल. त्यांना अधिक स्वास्थ्य लाभलें असतें तर मराठी कविता दरिद्री झाली नसती. बहुधा अधिक श्रीमंत झाली असती.

इंग्रजी साहित्यांत विल्यम कूपर ह्या कवीचें चरित्र ह्याच्याशीं ताडून पाहण्यासारखें आहे. कूपर १७३१ सालीं जन्मले व १८०० सालीं वारले. त्यांच्या मनाला प्रथम १७६३ सालीं जबर धक्का बसला, आणि सेंट ऑल्बन्स गांवीं डॉक्टर कॉटन यांच्या इस्पितळांत त्यांना दीड वर्षाहून अधिक काळ राहावें लागलें. पुढें अन्विन नांवाच्या कुटुंबानें त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतलें, आणि मेरी अन्विन ह्या बाईनें १७९६ सालीं आपला अंत होईपर्यंत त्यांना साथ दिली. त्यांचे स्नेही जॉन न्यूटन यांच्याबरोबर रचलेल्या त्यांच्या भक्तिगीतांचा संग्रह १७७९ सालीं निघाला. बाग लावावी, सुतारकाम करावें, पाळलेल्या सशांशीं खेळावें, आणि बरें असेल तेव्हां लिहावें, असा त्यांचा क्रम असे. ज्या जॉन गिल्पिनच्या फजितीनें सारें इंग्लंड पोट धरून हंसलें, ती १७८२ सालची विनोदी कविता ह्याच खिन्न माणसानें लिहिली. कूपर अत्यंत भाविक होते. तरीही आजार पुन्हां पुन्हां उलटला. मनाचा आजार श्रद्धा कमी पडल्यामुळें होतो किंवा पापाची शिक्षा म्हणून होतो असें म्हणणारांनीं हें चरित्र अवश्य वाचावें. ओल्नीचें तें घर आणि नगरचें टिळकांचें घर यांत दीडशें वर्षांचें आणि हजारों कोसांचें अंतर आहे. तथापि दोन्ही घरांतील माया एकाच जातीची होती.

माया मोठी खरी, परंतु ती सर्वकांहीं करूं शकत नाहीं, हेंही मान्य केलें पाहिजे. ठोमरे यांच्यावर जिवापाड प्रेम करणारीं माणसें होतीं. त्या प्रेमानें त्यांना आसरा दिला, धीर दिला, लिहिण्यास स्वस्थता दिली. परंतु उदासीनता समूळ गेली नाहीं. यांत प्रेम करणारांचा दोष नाहीं. त्या काळीं ह्या दुखण्याला औषध नव्हतें, आणि साध्या भाषेंत नांवही नव्हतें. हिंदुस्थान सरकारचा १९१२ चा जो कायदा होता तो वेड्यांना कोंडून ठेवण्याविषयींचा होता. आणि जो वेडा नाहीं, जेवतो, बोलतो, परंतु आंतून विझत चालला आहे, त्याच्यासाठीं समाजापाशीं दोनच शब्द होते, आळशी आणि लहरी. अशा माणसाला नोकरींत स्थैर्य लाभत नाहीं, संसारांत लक्ष लागत नाहीं, आणि लोक बोल लावतात तो त्याच्या स्वभावाला. ठोमरे यांच्या दुखण्यास आज आपण एखादें वैद्यकीय नांव मागाहून चिकटवूं नये; परंतु तें दुखणें होतें, स्वभावदोष नव्हता, एवढें खास.

५ मे १९१८ रोजीं खानदेशांतील भादली स्थानकापाशीं रेल्वेचे रूळ ओलांडीत असतां ठोमरे आगगाडीखालीं सांपडले, आणि त्या अपघातांत त्यांचा अंत झाला. अठ्ठाविसावें वर्ष पुरें होण्यास अजून तीन महिने होते. ज्या खानदेशच्या मातींत ते वाढले त्याच मातींत ते गेले. मागें त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांच्यावर ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. कवीचें चरित्र सांगतांना त्यांच्या वांट्यास आलेल्या ह्या दुःखाचेंही स्मरण ठेवणें उचित आहे. पुढील वर्षभरांत मराठी कवितेवर आणखी दोन आघात झाले. २३ जानेवारी १९१९ रोजीं राम गणेश गडकरी गेले, आणि ९ मे १९१९ रोजीं, म्हणजे बालकवींच्या पाठोपाठ अवघ्या एका वर्षानें, रेव्हरंड टिळकही गेले. पुत्राप्रमाणें मानलेल्या शिष्याच्या मृत्यूचें दुःख त्यांस आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं सोसावें लागलें.

लक्ष्मीबाई मात्र मागें राहिल्या, आणि आठवणी जपण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें. १९३४ ते १९३६ ह्या वर्षांत त्यांचीं स्मृतिचित्रें भागशः प्रसिद्ध झालीं. मराठींतील उत्तमोत्तम आत्मचरित्रांत ह्या ग्रंथाची गणना होते. त्यांत टिळक आहेत तसे ठोमरेही आहेत. लक्ष्मीबाईंची एक मोठी शिकवण ह्या लिहिण्यांत आहे. आपलें माणूस गेल्यावर आपण बहुधा दोन चुका करतों. एक तर त्याच्या आजाराची लाज वाटून ती गोष्ट लपवितों, किंवा त्याला देव करून बसवितों आणि त्याचा माणूसपणा घालवितों. लक्ष्मीबाईंनीं दोन्ही टाळल्या. आपल्या माणसांचे राग, हट्ट, विक्षिप्तपणा, औदार्य, सगळें त्यांनीं जसेंच्या तसें सांगितलें, हंसत सांगितलें, आणि वाचतांना आपल्याला कोणाचा तिरस्कार वाटत नाहीं. उलट अधिकच जवळीक वाटते. प्रेमानें केलेलें स्मरण तें हेंच. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या निवर्तल्या.

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? आपला जालना जिल्हा ही समर्थ रामदासांची जन्मभूमि. घनसावंगी तालुक्यांतील जांब गांवीं १६०८ सालीं ते जन्मले, आणि त्यांनीं मनाला उद्देशून दोनशें पांच श्लोक लिहिले. मनाला बोध करावा लागतो, हें आपल्या मुलखांत तेव्हांपासून सर्वांना ठाऊक आहे, आणि निरोगी मनाला बोधाचा मोठा उपयोगही होतो. परंतु हाडाला बोध करून मोडलेला हात सांधत नाहीं. तेथें वैद्यच लागतो. मनाचेंही तसेंच आहे. खिन्नतेच्या विकारावरील पहिलीं खरीं औषधें १९५० नंतरच्या दहा वर्षांत निघालीं. बालकवींना जाऊन तेव्हां चाळीस वर्षें होत आलीं होतीं. आज औषधें आहेत, मनाचे वैद्य आहेत, बोलून उपचार करण्याचें शास्त्र आहे. १९१२ चा तो जुना कायदा केव्हांच गेला, आणि २०१७ च्या कायद्यानें मनाच्या आजारावर उपचार मिळणें हा प्रत्येक माणसाचा हक्क ठरविला. दूरध्वनीवरून १४४१६ ह्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळावा अशी टेलिमानस नांवाची सरकारी योजना २०२२ सालीं सुरू झाली. बालकवींच्या काळीं ह्यांतलें कांहींच नव्हतें.

म्हणून आईबापांस विनंति अशी कीं, नेहमीं हंसणारा मुलगा किंवा मुलगी गप्प होऊं लागली, खेळांत, अभ्यासांत, जेवणांत लक्ष लागेनासें झालें, आणि हें कांहीं आठवडे टिकलें, तर आळस म्हणून तिला बोलूं नका. शेजारी काय म्हणतील ह्याचा विचार न करतां आधीं जवळ घ्या, मग वैद्याकडे न्या. ताप आला तर आपण लपवितों काय? विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, आपल्या वर्गांत जो सर्वांत सुंदर चित्रें काढतो, जो सर्वांना हंसवितो, जिच्या निबंधाला पहिलें बक्षीस मिळतें, त्याच्या वा तिच्या मनांतही काळोख असूं शकतो. श्रावणावरची ती कविता लिहिणाराच्या मनांत तो होता. अशा सोबत्याला चिडवूं नका, एकटें सोडूं नका, आणि त्यानें विश्वासानें कांहीं सांगितलें व तें भयंकर वाटलें, तर तें मनांत न ठेवतां गुरुजींना किंवा घरच्या मोठ्यांना सांगा. आणि हा काळोख स्वतःच्याच मनांत असेल, तर कारण सांगतां येत नाहीं म्हणून गप्प बसूं नका. कारण बालकवींनाही सांगतां आलें नाहीं. तरी त्यांनीं तें दुःख आहे एवढें सांगितलें.

यंदा श्रावणांत ती कविता म्हणाल तेव्हां तिच्या कर्त्याचें संपूर्ण स्मरण करा. उन्हाचेंही आणि सरींचेंही. त्यांनीं आपल्याला दोन्ही मोकळ्या हातानें दिलीं आहेत.